अमेरिकेतील ग्रामीण स्वयंसेवी अग्निशमन दले : इतिहास आणि समाजजीवनातील स्थान

प्रस्तावना

आग लागली की नगरपालिकेचा बंब येतो, त्यावरील कर्मचारी पगारी असतात आणि त्यांचा खर्च करांतून भागविला जातो, ही व्यवस्था भारतातील नागरी वाचकाच्या अंगवळणी पडलेली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील चित्र मात्र वेगळे आहे. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या २०२० च्या आकडेवारीनुसार त्या देशात २९ हजारांहून अधिक अग्निशमन दले होती आणि त्यांपैकी सुमारे ८२ टक्के दले पूर्णतः किंवा मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालत होती. एकूण सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी जवळजवळ ६ लाख ७७ हजार, म्हणजे ६५ टक्के, स्वयंसेवक होते. लोकसंख्येच्या हिशेबाने पाहता ही दले देशातील सुमारे ३० टक्के लोकांचेच संरक्षण करीत होती. पण भूभागाच्या हिशेबाने ग्रामीण अमेरिकेचा फार मोठा भाग त्यांच्यावर विसंबून होता.

या दलांना तेथे ‘फायर कंपनी’ असे म्हणतात. येथे ‘कंपनी’ म्हणजे व्यापारी संस्था नव्हे, तर एका कामासाठी एकत्र आलेल्या माणसांची तुकडी होय. अमेरिकेतील मोठ्या शहरांनी एकोणिसाव्या शतकातच ही पद्धत मोडीत काढली. खेड्यांत मात्र ती पुढेही टिकली, इतकेच नव्हे तर विसाव्या शतकात विस्तारली. असे का घडले आणि गेल्या काही दशकांत तिला ओहोटी का लागली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. ही दले टिकली ती केवळ आगी विझविल्यामुळे नव्हे, तर ती गावाच्या सामाईक जीवनाचे केंद्र बनल्यामुळे. आणि ज्या सेवेला ‘विनामूल्य’ म्हटले जाते तिचे मूल्य गावकऱ्यांच्या वेळेच्या रूपाने सतत चुकते केले जात होते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

उगम : परस्पर साहाय्याचा करार

वसाहतींच्या काळात अमेरिकेतील घरे बहुतांशी लाकडी होती. कित्येक घरांची धुराडीही लाकडाची असून त्यांना मातीचा गिलावा केलेला असे. त्यामुळे आगीविरुद्धची पहिली पावले प्रतिबंधात्मक होती. १६४८ मध्ये न्यू ॲमस्टरडॅमचा, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा, गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने धुराड्यांची तपासणी करणारे निरीक्षक नेमले. अस्वच्छ धुराड्याबद्दल दंड आकारला जाई आणि त्या रकमेतून बादल्या व शिड्या घेतल्या जात.

स्वयंसेवी दलाचा परिचित आदर्श बेंजामिन फ्रँकलिन याने घालून दिला. १७३५ मध्ये त्याने ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या आपल्या वृत्तपत्रातून फिलाडेल्फियातील आगींच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आणि ७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात दिलेल्या माहितीनुसार या योजनेला लवकरच तीस सहकारी मिळाले. प्रत्येक सभासदाने ठरावीक संख्येने चामडी बादल्या तसेच सामान बाहेर काढण्यासाठी बळकट पिशव्या व टोपल्या सदैव सज्ज ठेवाव्यात, असा करार होता. महिन्यातून एकदा सभा भरे. गैरहजर सभासदांकडून घेतलेल्या दंडातून पुढे बंब, शिड्या व आकडे खरेदी करण्यात आले. तीसहून अधिक लोक येऊ लागले तेव्हा त्यांना स्वतःची वेगळी कंपनी काढण्याचा सल्ला देण्यात आला आणि अशा रीतीने शहरात एकामागून एक कंपन्या उभ्या राहिल्या.

या करारातील तीन घटक पुढील दोन शतके कायम राहिलेले दिसतात. साधनसामग्रीची जबाबदारी सभासदांनी स्वतः उचलणे हा पहिला, नियमित एकत्र बसणे हा दुसरा आणि शिस्तभंगाबद्दल समूहानेच दंड करणे हा तिसरा. दुसरा घटक वरवर पाहता गौण वाटतो. परंतु संकटाच्या वेळी एकमेकांवर जीव सोपविणाऱ्या माणसांची एरवीही एकमेकांशी ओळख असावी लागते, हे तत्त्व त्यामागे होते. १८३१-३२ मध्ये अमेरिकेचा प्रवास करणाऱ्या अलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताला तेथील लोकांची संस्था स्थापण्याची जी सवय विशेष जाणवली, तिचे अग्निशमन कंपनी हे एक ठळक उदाहरण होय.

शहरांनी सोडलेली वाट

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढत्या शहरांतील स्वयंसेवी कंपन्यांचे स्वरूप पालटले. आगीपर्यंत आधी कोण पोहोचते यावरून त्यांच्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. वंश, धर्म आणि राजकीय पक्ष यांचे रंग त्यांना चढले. न्यूयॉर्कच्या राजकारणातील भ्रष्टाचारासाठी पुढे कुप्रसिद्ध झालेला विल्यम ट्वीड हा ‘अमेरिकस’ या बंब-कंपनीचा प्रमुख म्हणूनच प्रथम लोकांपुढे आला. या कंपन्यांची बंधुता सर्वांसाठी खुली नव्हती, हेही नमूद करणे आवश्यक आहे. १८१८ मध्ये फिलाडेल्फियातील मुक्त कृष्णवर्णीयांनी स्वतःची अग्निशमन संघटना काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा श्वेतवर्णीयांच्या कंपन्यांनी त्याला एवढा विरोध केला की तो बेत सोडून द्यावा लागला.

निर्णायक बदल यंत्रामुळे झाला. हाताने दांडा मारून चालविण्याच्या बंबाला आळीपाळीने राबणारी डझनावारी माणसे लागत. वाफेच्या बंबाला मोजकी पण प्रशिक्षित माणसे व घोडे पुरत. त्यांचा खर्च मोठा आणि बारमाही असला तरी दाट वस्तीच्या, करसंपन्न शहराला तो परवडत होता. विमा कंपन्यांचाही पगारी व्यवस्थेला पाठिंबा होता. १८५३ मध्ये सिनसिनाटी शहराने वाफेच्या बंबांसह पूर्णतः पगारी दल उभारले. १८६५ मध्ये न्यूयॉर्कने आणि १८७१ मध्ये फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियानेही तोच मार्ग स्वीकारला.

खेड्यांना हा मार्ग मोकळा नव्हता. आगीचा धोका तेथे कमी होता असे मात्र नाही. ८ ऑक्टोबर १८७१ च्या ज्या रात्री शिकागोची सुप्रसिद्ध आग भडकली, त्याच रात्री विस्कॉन्सिन राज्यातील पेश्टिगो हे लाकूडव्यवसायाचे गाव व त्याचा परिसर वणव्यात भस्मसात झाला. शिकागोत सुमारे तीनशे माणसे दगावली, तर पेश्टिगोच्या वणव्यातील मृतांची संख्या किमान बाराशे मानली जाते. तरीही विरळ वस्तीच्या गावात आगीचे प्रसंग संख्येने थोडे असत. त्यासाठी वर्षभर पगारी माणसे बसवून ठेवणे गावाच्या तुटपुंज्या उत्पन्नात शक्य नव्हते. त्यामुळे शहरांनी टाकलेली संस्था खेड्यांनी उचलली आणि आपल्या गरजांप्रमाणे घडविली. मुख्य रस्त्यावरील दुकानांची ओळ जळून जावी, मग गावसभा भरावी, वर्गणी जमवावी आणि एखाद्या शहराने काढून टाकलेला बंब विकत आणावा, असा अनेक गावांतील दलांच्या जन्माचा क्रम आहे.

पाणी, वाहन आणि भोंगा

ग्रामीण अग्निशमनाची मूळ अडचण पाण्याची आहे. शहरात रस्त्याच्या कडेला हायड्रंट असतो. शेतावर तो नसतो. अमेरिकी शेतावरील वैरणीचे लाकडी कोठार हा तर आगीचा मोठा धोका. ओलसर गवताच्या गंजीत आतल्या आत उष्णता वाढून ते आपोआप पेट घेते. विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यांनी यावर रासायनिक बंबाचा उपाय केला. पाण्यात विरघळविलेला सोडा व गंधकाम्ल यांच्या संयोगातून निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने या बंबातील पाणी नळीवाटे बाहेर फेकले जाई. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या सांगाड्यावर बसविलेले असे बंब लहान गावांच्या आवाक्यात आले. मोटारीमुळे दलाचे कार्यक्षेत्र गावाच्या वेशीपलीकडे, आसपासच्या शेतांपर्यंत वाढले.

पुढे टँकरची पद्धत रूढ झाली. साधारण ३,८०० लिटरचा टँकर, मिनिटाला चारशे ते पाचशे लिटर पाणी फेकणाऱ्या एकाच नळीला जेमतेम आठ-नऊ मिनिटे पुरतो. म्हणून घटनास्थळी कापडी हौद उभा करायचा, त्यात एकामागून एक टँकर रिते करायचे आणि तळ्यावरून किंवा ओढ्यावरून ते पुन्हा भरून आणायचे, अशी साखळी चालवावी लागते. ही साखळी एका गावाच्या बळावर चालत नाही. परस्पर साहाय्याचे करार करून शेजारपाजारची दले एकमेकांच्या हाकेला धावतात, ते याच कारणाने. अशा सहकार्याला तांत्रिक एकवाक्यताही लागते. १९०४ मध्ये बॉल्टिमोर शहराच्या प्रचंड आगीत इतर शहरांतून धावून आलेल्या दलांच्या नळ्यांचे आटे स्थानिक हायड्रंटला बसेनात. त्या अनुभवानंतर नळीच्या जोडणीचे राष्ट्रीय प्रमाण ठरविण्याच्या प्रयत्नांना वेग आला.

माणसे जमविण्याची पद्धतही काळानुसार बदलत गेली. प्रारंभी चर्चची घंटा किंवा आगगाडीच्या इंजिनाच्या चाकावरील टांगलेली लोखंडी धाव हातोड्याने वाजविली जाई. नंतर विजेचा भोंगा आला. दूरध्वनी आल्यावर दलाचा क्रमांक काही ठरावीक घरांत वाजे. सभासदांच्या पत्नी तो उचलून पुढच्या घरांना कळवीत आणि भोंगा सुरू करीत. हे काम चोवीस तासांचे होते, पण सभासदांच्या नोंदवहीत त्यांची नावे क्वचितच असत. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहान गावात ९११ या आपत्कालीन क्रमांकाचा पहिला दूरध्वनी झाला. या क्रमांकाचा प्रसार आणि कमरेला लावण्याचे पेजर यांमुळे घरोघरची ती व्यवस्था हळूहळू मागे पडली.

दलाची इमारत आणि गावाचे सामाईक जीवन

ग्रामीण दलाच्या इमारतीत बंबाच्या खोलीला लागून बहुधा एक सभागृह असते. लग्नाची मेजवानी, अंत्यविधीनंतरचे भोजन, रक्तदान, मतदान, पूर किंवा हिमवादळात बेघर झालेल्यांचा निवारा अशा सर्व प्रसंगी तेच उपयोगी पडते. या सभागृहाच्या भाड्यातून आणि तेथे होणाऱ्या कार्यक्रमांतून दलाचा खर्च भागतो. कोंबडीच्या बार्बेक्यूचे भोजन, रविवारची न्याहारी, बिंगोचा खेळ, सोडत, उन्हाळी जत्रा व बंबांची मिरवणूक ही निधी जमविण्याची रूढ साधने होत. अनेक ठिकाणी या कामाचा मुख्य भार स्त्रियांच्या साहाय्यक मंडळांनी वाहिला. १९७० नंतर स्त्रिया प्रत्यक्ष अग्निशामक म्हणून दलांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. तोवर दलातील त्यांचे स्थान स्वयंपाकघर आणि दूरध्वनी यांपुरतेच मानले जात असे.

पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे आमिश या धर्मपंथाचे शेतकरी मोठ्या संख्येने राहतात. ते मोटार बाळगत नाहीत, चालवीत नाहीत आणि सरकारी मदतीपासूनही शक्यतो दूर राहतात. तथापि गावच्या अग्निशमन दलात ते सामील होतात. बंब दुसरा कोणी चालवितो. आमिश सभासद त्यावर बसून आगीवर जातात. हिवाळा सरताना, बर्फ वितळून शेतात चिखल झालेला असताना, तेथील दले ‘मड सेल’ म्हणजे चिखलातला लिलाव भरवितात. गॉर्डनव्हिल व बार्ट टाउनशिप येथील लिलाव प्रसिद्ध आहेत. आमिश स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या, घोडागाड्या, शेतीची अवजारे व फर्निचर यांच्या विक्रीतून दलाला निधी मिळतो. २ ऑक्टोबर २००६ रोजी निकेल माइन्स येथील आमिश शाळेत गोळीबार होऊन पाच मुलींचा बळी गेला, तेव्हा बार्ट टाउनशिपच्या दलाची इमारत मदतकार्याचे केंद्र बनली. आमिश आणि बाहेरचे जग ज्या मोजक्या ठिकाणी बरोबरीच्या नात्याने भेटतात, त्यांपैकी हे दल एक आहे.

दलाच्या अस्तित्वाला आर्थिक मूल्यही आहे. अमेरिकेतील विमा क्षेत्रासाठी गावोगावच्या अग्निसंरक्षणाची प्रतवारी केली जाते. १ हा क्रमांक सर्वोत्तम आणि १० हा संरक्षण नसल्यासारखा. गावात सुसज्ज दल असले की प्रत सुधारते आणि घरमालकांचा हप्ता कमी होऊ शकतो. स्वयंसेवकांनी दिलेल्या वेळेमुळे देशातील स्थानिक समाजांची वर्षाला सुमारे ४,६९० कोटी डॉलरची बचत होते, असा अंदाज राष्ट्रीय स्वयंसेवी अग्निशमन परिषद देते. राज्यसंस्थाही अगदी अलिप्त राहिलेली नाही. पेनसिल्व्हेनियात परराज्यांतील विमा कंपन्यांच्या अग्निविम्यावरील दोन टक्के कराचा पैसा स्वयंसेवकांच्या साहाय्य मंडळांना मिळतो. लष्कराने काढून टाकलेली वाहने संघराज्याच्या योजनेतून ग्रामीण दलांना वापरण्यासाठी दिली जातात आणि २००१ पासून साधनसामग्रीसाठी संघराज्याचे थेट अनुदानही सुरू झाले. म्हणजे ‘स्वयंसेवी’ आणि ‘शासकीय’ असे दोन बंद कप्पे प्रत्यक्षात नाहीत. मनुष्यबळ गावाचे आणि साधने काही प्रमाणात शासनाची, असा हा मिश्र व्यवहार आहे.

सामूहिक हमी जेथे नसते तेथे काय घडते, हे २०१० मध्ये टेनेसी राज्यातील ओबायन परगण्यात दिसले. साउथ फुल्टन शहराचे दल हद्दीबाहेरच्या ग्रामीण घरांना वार्षिक ७५ डॉलर शुल्क घेऊन सेवा देत असे. एका कुटुंबाने ते शुल्क भरलेले नव्हते. दल घटनास्थळी आले, पण त्या कुटुंबाचे घर जळू दिले गेले आणि शुल्क भरलेल्या शेजाऱ्याच्या मालमत्तेचे तेवढे रक्षण करण्यात आले. त्यावर देशभर वाद झाला. स्वयंसेवी कंपनीच्या परंपरेत सेवा ही ग्राहकाला विकलेली वस्तू नसते, ती गावाच्या सभासदत्वातून आपसूक मिळणारी हमी असते. या दोन कल्पनांतील अंतर त्या एका प्रसंगाने उघड केले.

दोन कसोट्या : शँक्सव्हिल आणि वेस्ट

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी १० वाजून ३ मिनिटांनी ‘युनायटेड ९३’ हे अपहृत विमान पेनसिल्व्हेनियातील शँक्सव्हिल गावाजवळच्या जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर कोसळले. विमानातील ४० प्रवासी व कर्मचारी मृत्युमुखी पडले. शँक्सव्हिलची लोकसंख्या २००० च्या जनगणनेनुसार अवघी २४५ होती. घटनास्थळी प्रथम पोहोचलेल्यांत या गावाचे स्वयंसेवी दल होते. वाचविण्यासारखे कोणीही तेथे उरलेले नव्हते. आसपासच्या लहान आगी विझविणे आणि नंतर तपासयंत्रणांना साहाय्य करणे एवढेच त्यांच्या हाती राहिले. राष्ट्रीय स्मारक उभे राहण्यापूर्वी येणाऱ्या हजारो लोकांना माहिती देण्याचे काम परिसरातील रहिवाशांनी स्वयंस्फूर्तीने केले. एका राष्ट्रीय शोकान्तिकेची पहिली जबाबदारी शेतकरी, दुकानदार व कामगार यांच्या एका लहान तुकडीवर येऊन पडली होती.

दुसरी कसोटी अधिक कटू आहे. १७ एप्रिल २०१३ रोजी टेक्सास राज्यातील वेस्ट या लहान गावात खतसाठ्याच्या इमारतीला आग लागली. स्वयंसेवक तत्परतेने धावले आणि आग दिसल्यापासून सुमारे वीस मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा प्रचंड स्फोट झाला. १५ माणसे ठार झाली. त्यांपैकी १२ जण मदतीसाठी आलेले होते आणि त्यांत स्वयंसेवक अग्निशामकांची संख्या मोठी होती. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत अशा पदार्थांच्या धोक्याविषयीच्या प्रशिक्षणाची उणीव ठळकपणे पुढे आली. शँक्सव्हिलने ग्रामीण दलाच्या निष्ठेची साक्ष दिली, तर वेस्टने निष्ठा ही ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही हे दाखवून दिले. खेड्यातही आता औद्योगिक धोके आहेत आणि ते चामड्याच्या बादलीच्या काळातील नाहीत.

ओहोटी आणि तिची कारणे

१९८४ मध्ये अमेरिकेत सुमारे ८ लाख ९८ हजार स्वयंसेवक अग्निशामक होते. २०२० मध्ये ते ६ लाख ७७ हजारांवर आले. पेनसिल्व्हेनियातील घट याहून तीव्र आहे. १९७० च्या दशकात तेथे सुमारे तीन लाख स्वयंसेवक होते असे सांगितले जाते, तर त्या राज्याच्या विधिमंडळाने नेमलेल्या आयोगाच्या २०१८ च्या अहवालात ही संख्या सुमारे ३८ हजार दिली आहे. लहान गावांच्या दलांत चाळिशी ओलांडलेल्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले आहे.

या घटीचे कारण ‘तरुणांत सेवाभाव उरला नाही’ असे सरसकट सांगितले जाते. रॉबर्ट पुटनम यांनी ‘बोलिंग अलोन’ (२०००) या ग्रंथात अमेरिकी समाजातील सामूहिक जीवनाच्या ऱ्हासाची जी मांडणी केली, तिचा आधारही त्यासाठी घेता येतो. परंतु भौतिक कारणे वगळून हे स्पष्टीकरण पुरे होत नाही. पूर्वी सभासद गावातच, गिरणीत, खाणीत किंवा शेतावर काम करीत आणि भोंगा वाजताच मालक त्यांना सोडत असे. गिरण्या व खाणी बंद झाल्या. लोक दूरच्या शहरात नोकरीला जाऊ लागले. पतिपत्नी दोघेही कमावते झाले. दिवसा गावात माणूसच नाही, अशी स्थिती आली. दुसरीकडे कामाचा भार वाढला. आगी तुलनेने कमी झाल्या असल्या तरी रस्त्यावरील अपघात, हृदयविकाराचे झटके व इतर वैद्यकीय प्रसंग यांसाठी येणाऱ्या हाका अनेक पटींनी वाढल्या. वेस्टसारख्या दुर्घटनांनंतर प्रशिक्षणाची अपेक्षा वाढणे योग्यच होते. पण प्राथमिक पात्रतेसाठीच शंभराहून अधिक तास द्यावे लागतात आणि उरलेली संध्याकाळ बिंगो व बार्बेक्यूच्या तयारीत जाते. सेवाभाव आटला असे म्हणण्यापेक्षा, सेवेसाठी लागणारा मोकळा वेळ आटला असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात.

१) ग्रामीण स्वयंसेवी दल हे शहरी व्यवस्थेचे मागासलेले रूप नव्हे. विरळ वस्ती, तुटपुंजा कर आणि पाण्याची टंचाई या परिस्थितीला दिलेले ते स्वतंत्र उत्तर होते.

२) या दलांचे बळ त्यांच्या सामाजिक भूमिकेत होते. लिलाव, भोजने आणि मिरवणुका हा मूळ कामाचा अलंकार नव्हता. त्यांतूनच पैसा, सभासद आणि परस्परविश्वास निर्माण होत होता. त्याचबरोबर हा विश्वास ज्यांना आत घेतले त्यांच्यापुरता होता, हेही विसरता येत नाही.

३) विनामूल्य वाटणारी सेवा वस्तुतः गावातील रोजगार, स्त्रियांचे अदृश्य श्रम आणि मालकांनी दिलेली सवलत यांवर उभी होती. हे आधार गेल्यावर केवळ सेवाभावाचे आवाहन करून ती उभी राहणार नाही.

निधी जमविण्याचे ओझे शासनाने उचलावे आणि आगीशी झुंजण्याचे काम गावाकडे राहावे, अशी विभागणी अमेरिकेतील काही राज्ये कमी-अधिक प्रमाणात करू पाहत आहेत. ती यशस्वी झाली तर फ्रँकलिनच्या कराराला नवे रूप मिळेल. ती फसली तर मात्र शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाच्या हाकेला कोण धावणार, हा १७३६ मध्ये एका शहराने सोडविलेला प्रश्न खेड्यांपुढे पुन्हा उभा राहील.